उद्यान नसल्याचा दाखला

मी सरकारकडं मागितलं होतं ते एवढंच: दोन झोके, आणि मैदानातले दगड उचलायला एक जेसीबी, तोही अर्ध्या दिवसापुरता. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. कारण हल्ली कळमनुरीच्या बाजारात कोणीही भेटलं की विचारतं, पतंगे सर, त्या तांड्यावर तुम्ही काय करून बसलात? आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो की त्याला भाजी घ्यायची आठवते.

मी खेमानाईक तांड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आखाडा बाळापूरच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळलं की तांडा लागतो. शाळेला लागून एक मोकळी जागा आहे, तिला आम्ही मैदान म्हणतो. दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून म्हणतो. तिथं पीक येत नाही, घर बांधता येत नाही, आणि दर पावसाळ्यानंतर जमिनीतून नवे दगड वर येतात. या मैदानावर खेळून आमच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. बाकीच्या शाळांच्या मुली समोर बघून पळतात, आमच्या खाली बघून पळतात, तरी पहिल्या आल्या. संघाची कप्तान पुजा, तांड्याचे नाईक गुलाबसिंग यांची नात. तिचे दोन्ही गुडघे असे होते की ते बघून कोणत्याही सुज्ञ माणसानं अर्ज लिहिला असता. मी सुज्ञ आहे, म्हणून लिहिला.

त्याच आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक परिपत्रक आलं होतं. वंचित वस्त्यांमध्ये उद्यानं आणि क्रीडांगणं करायला शासन निधी देणार होतं. अनुभवी शिक्षक परिपत्रकाचा फक्त विषय वाचतात आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकतात. मी ते शेवटपर्यंत वाचलं. तिथंच माझं चुकलं.

अर्ज एका पानाचा झाला. तो मी शेजारच्या वैजनाथरावांना दाखवला. वैजनाथराव तहसील कार्यालयातून निवृत्त झाले आहेत, पण तहसील कार्यालय त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी अर्ज उलटा करून मागचं कोरं पान बघितलं आणि बाकीचा कुठं आहे म्हणून विचारलं. इतका लहान अर्ज फाईलमधून घसरून पडतो, असं त्यांचं म्हणणं. दोन झोके मागणाऱ्याकडं साहेब बघत नाहीत. सर्वसमावेशक उद्यान मागणाऱ्याला खुर्ची देतात. मग त्यांनी आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पिऊन, त्यात चालण्याचा मार्ग घातला, खुली व्यायामशाळा घातली, संरक्षक कुंपण घातलं आणि कारंजंही घालणार होते. तांड्यावर प्यायचं पाणी दोन दिवसांआड येतं हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मोठ्या नाराजीनं कारंजं खोडलं. अर्ज अठरा पानांचा झाला. माझी बायको प्रियदर्शनी हिनं तो चाळून विचारलं की झोके कुठं आहेत. ते पान चौदावर, परिशिष्ट 'क' मध्ये होते. तिनं अर्ज मिटून माझ्या मांडीवर ठेवला. तिच्या अशा उत्तरांची मला सत्तावीस वर्षांची सवय आहे, पण त्या दिवशी जरा टोचलं.

अर्ज ऑनलाईन भरायचा होता. 'वस्तीचा प्रकार' या रकान्यात यादी होती: गाव, शहर, वाडी, पाडा, बेट. बेट होतं, तांडा नव्हता. मराठवाड्यात इतके तांडे असताना शासनाला बेट आठवावं, याचा मला आजही संताप येतो. शेवटी मी 'इतर' निवडलं. ते निवडताक्षणी खालच्या 'ठिकाणाचे नाव' या रकान्यातही आपोआप 'इतर' असं उमटलं आणि काही केल्या पुसेना. संगणक चालवणारा योगेश म्हणाला, ऑफिसात कोणीतरी बघूनच घेईल. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो लहान आहे, त्याला दोष देत नाही. मी मोठा आहे, मला कळायला हवं होतं.

महिनाभरानं त्रुटीचं पत्र आलं. वस्ती वंचित असल्याचं सिद्ध करण्यासाठी पाच किलोमीटरच्या परिसरात उद्यान नसल्याचा दाखला जोडावा. मी ग्रामसेवकांकडं गेलो. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी तत्त्वज्ञ झाले. जे आहे त्याचा दाखला देता येतो, म्हणाले; घर आहे, जन्म आहे, रहिवास आहे. जे नाहीच त्याचा दाखला देणारा मी कोण? मी त्यांना विचारलं की तुम्ही मृत्यूचा दाखला देता, तेव्हा तो माणूस असतो का? त्यावर त्यांनी माझे कागद माझ्याकडं परत सरकवले आणि म्हणाले की फोटो आणा. उद्यान नसल्याचा फोटो, अक्षांश-रेखांशासह, अर्जदार त्यात दिसला पाहिजे.

म्हणून मी, सोमेश्वर पतंगे, एम.ए. बी.एड., भर दुपारी मोकळ्या मैदानात उभा राहिलो. हातात शाळेची पाटी, पाटीवर माझ्याच वळणदार अक्षरात 'येथे उद्यान नाही'. फोटो गेला आणि परत आला. पाटीवर तारीख नव्हती. दुसऱ्यांदा गेला आणि परत आला. मागं बेबीबाईची शेळी दिसत होती, त्यामुळं ही जागा चराईची असल्याचा संशय घेण्यात आला. तिसऱ्या वेळी तांड्यातल्या लेकरांनी चारी बाजूंनी शेळ्या अडवून धरल्या, तेव्हा कुठं उद्यान नसल्याचं शासनाला पटलं. तोवर पहिला फोटो कसा कोण जाणे जिल्हाभर फिरला होता. शिरड शहापूरहून माझ्या साडूंचा फोन आला, की आमच्याकडंही उद्यान नाही, येऊन उभे राहता का. शिक्षकांच्या बैठकीत मी आत गेलो की कोणीतरी मागून हळूच म्हणायचं, उद्यान नाही सर आले. अशा बैठकीत माणसानं मान वर करून बसायचं कसं, हे बी.एड.ला शिकवत नाहीत.

पण काम मंजूर झालं, हे मान्य केलं पाहिजे. फेब्रुवारीत ठेकेदाराची माणसं आली. त्यांनी मैदानाच्या मधला पट्टा सपाट केला. असा सपाट की पुजानं त्यावर अनवाणी पळून बघितलं आणि टोकाला जाऊन नुसती उभी राहिली. मी प्रियदर्शनीला फोन करून सांगितलंसुद्धा, की बघ, झालं की नाही.

त्यानंतर कुंपण आलं. मग व्यायामाची सहा यंत्रं आली, हिरवी-पिवळी, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना तीन-तीन बसली. मग भाल्यांच्या टोकांचं लोखंडी दार आलं. झोके आले नाहीत. काटकसर म्हणून परिशिष्ट 'क' रद्द झालं होतं. आणि सगळ्यात शेवटी, माणसांनी उभं राहून फोटो काढायचे म्हणून, दाराजवळ पुरुषभर उंचीची लाल अक्षरं बसवली गेली. कामाच्या आदेशात जे नाव होतं तेच त्यांनी घातलं, त्यांची काही चूक नाही. अक्षरं अशी होती: 'आय लव्ह इतर'.

मी ते वाचलं आणि खाली बसलो. गुलाबसिंग नाईक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि वर काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते सत्तर वर्षांचे आहेत, सगळी कागदपत्रं त्यांनी पाहिलेली. ते शांतपणे म्हणाले, "बराबर हाय, गुरजी. सरकार आमाला तेच म्हणतंय आधीपासून."

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण काम संपल्यावर ठेकेदाराच्या माणसानं दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि तो गेला. दारावर पाटी आली: हस्तांतरणापूर्वी आत प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल. आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धा यंदा लांबून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर आल्या होत्या. मार्च सुरू होता. मैदान समोर होतं, आयुष्यात पहिल्यांदा सपाट होतं, आणि मुली कुंपणाच्या जाळीला नाक लावून ते बघत होत्या.

किल्लीसाठी मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, किल्ली अभियंता साहेबांकडं. साहेबांच्या कार्यालयात गेलो. किल्ली ठेकेदाराकडं, आणि तशीही ती ग्रामपंचायतीला हस्तांतरणाच्या वेळीच मिळेल. मग हस्तांतरण करा म्हणालो. त्यासाठी गावकरी उद्यान वापरत असल्याचे फोटो लागतात. मग उघडा म्हणजे वापरतील. उघडता येत नाही, हस्तांतरण झालेलं नाही. हे सांगताना त्या कारकुनाच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती. उलट एवढी सोपी गोष्ट एका शिक्षकाला समजत नाही याची थोडी कीव होती. मी तिथंच लेखी तक्रार दिली. तिचं उत्तर आलं, की सदर उद्यान वापरात नसल्याचे आपल्या तक्रारीवरून दिसून येते, तरी ते वापरात का नाही याचा खुलासा अर्जदाराने करावा.

मुली रस्त्यावर सराव करू लागल्या. तांड्याच्या त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, आणि गाणी इतकी मोठी लावलेली की चालवणाऱ्याला हाक ऐकू जात नाही. एका संध्याकाळी पुजा खांबाकडं पळत होती आणि वळणावरून ट्रॅक्टर आला. तिनं नालीत उडी मारली. मनगट मुरगळलं, बाकी काही झालं नाही. पण मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो आणि ती वाजवायचं मला सुचलं नव्हतं. अजूनही कधी कधी शाळेत शिट्टी हातात घेतली की ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी बेबीबाई शाळेत आली. बेबीबाई म्हणजे त्याच शेळीची मालकीण, पुजाची चुलत आजी. तिचा शब्द तांड्यात नाईकांच्या शब्दाच्या अर्धा हात पुढं असतो. ती वर्गाच्या उंबऱ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गुरजी, आदी आमाला मैदान व्हतं, बाग नव्हती. आता बाग हाय आन् मैदान न्हाई. तुमचे लई उपकार हायेत. पन आता अजून एक अर्ज करू नका."

मी म्हणालो की मग मुलींना सरळ दारावरून आत जाऊ द्या, खारीसारख्या चढतात. बेबीबाईनं मान हलवली. तांड्यात सगळं बोलून झालं होतं. आमची पोरगी वर चढली आणि कोणी केस केली, तर तिचं नाव कागदावर चढतं आणि मग कुठं काही चोरी झाली की पहिल्यांदा आमच्याच दारात गाडी येते. हे तिनं काही रडून सांगितलं नाही, पावसाचं सांगावं तसं सांगितलं. मला वाटतं, आयुष्यात मला इतका राग फार वेळा आलेला नाही. मी सरकारी नोकर आहे, म्हणालो. माझ्यावर केस केली तर फार तर बदली होईल. मीच चढतो, आतून बिजागऱ्या बघतो, दार निघतंय का ते.

प्रियदर्शनीनं ऐकून एवढंच सांगितलं की मग नवी पँट घालून जाऊ नका. मी नवीच घातली. अशा प्रसंगी माणूस नीट दिसला पाहिजे, असं माझं मत होतं.

एकतीस मार्च, सकाळी साडेदहा. सगळा तांडा कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली जमला होता. मी देवाचं नाव घेतलं आणि चढलो. पहिला पाय, दुसरा पाय, सगळं व्यवस्थित. वर पोचल्यावर उजवा पाय पलीकडं टाकला आणि पँटीची मागची शिवण भाल्याच्या टोकात गेली. पुढं जावं तर फाटते, मागं यावं तर भाला आणखी आत येतो. तिथं मी घोड्यावर बसल्यासारखा बसून राहिलो. खालून सूचना येऊ लागल्या. एक म्हणे पाय वर घ्या, एक म्हणे खाली घ्या. नाईकांनी सांगितलं की हलूच नका, आणि तीच सूचना मला पाळता येण्यासारखी होती.

तेवढ्यात जीप आली. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस होता. वापराचे फोटो संध्याकाळी पाचच्या आत चढवले नाहीत तर बिल अडकणार होतं. म्हणून अभियंता साहेब स्वतः आले होते, सोबत फोटो काढणारा एक सहायक. साहेबांनी खाली उतरून वर बघितलं. मी नमस्कार केला. एका हातानं, कारण दुसरा लागत होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. सहायकाला म्हणाले, "हाही घे. वापर दिसतोय."

किल्ली त्यांच्याकडंही नव्हती. ठेकेदार फोन उचलत नव्हता. ड्रायव्हरनं कुलपावर दगड घालून बघितला, पान्यानं पिरगळून बघितलं; एवढ्या कामात एक कुलूपच काय ते दर्जेदार निघालं. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग नाईकांना बाजूला घेऊन सांगितलं की बायका-मुलांना बाहेरच कुंपणाजवळ उभं करा, यंत्रं मागं दिसली म्हणजे झालं, हसायला सांगा.

नाईकांनी बेबीबाईकडं बघितलं. बेबीबाई लिंबाखालून उठली नाही. तिच्याभोवती तीसेक बाया बसल्या होत्या, त्याही उठल्या नाहीत.

"आदी दार काढा," ती म्हणाली. "मंग फोटू काढा."

साहेबांनी शासकीय मालमत्तेबद्दल बरंच सांगितलं. मग योजनेबद्दल सांगितलं, की कोणासाठी केलं हे सगळं. मग आवाज चढवून बघितला. बाया लेकरांच्या डोक्यातल्या उवा बघत बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. मी वर उन्हात होतो आणि माझा कोणी विचार करत नव्हतं, हे नमूद करतो. साडेबाराला साहेब घामानं भिजून म्हणाले, काढा. दार बिजागरीतून वर उचलायचं तर चार माणसं लागतात आणि त्यावर शिक्षक बसलेला असेल तर जास्त. तेव्हा आधी मला काढणं आलं. बेबीबाई आणि आणखी तिघींनी मला खालून धरलं, एकीनं वर चढून विळ्यानं शिवण कापली, आणि मला गव्हाच्या पोत्यासारखं खाली घेऊन लिंबाखाली ठेवलं. कोणीतरी माझ्यावर एक घोंगडी टाकली. माझे विद्यार्थी बघत होते.

मग ड्रायव्हर, तांड्यातला एक गडी, नाईक आणि स्वतः साहेब अशा चौघांनी जोर लावून दार उचललं, कुलपासकट बाजूला ठेवलं; सहायकानं त्याचाही फोटो घेतला. मुली माझ्या अंगावरून उड्या मारून आत गेल्या. बायांनी यंत्रांवर चढून फोटो दिले. एका यंत्रावर उभं राहून हवेत पाय मागंपुढं करायचे असतात; बेबीबाईनं ते पाच मिनिटं केलं आणि साहेबांना म्हणाली की हे तुमच्या हापिसासारखं हाय, पाय दुखतेत पन मानूस जागचा हालत न्हाई. साहेब ओशाळं हसले. तोच फोटो चांगला आला. तांड्यात रेंज नसल्यानं फोटो चढवायला ते बाळापूरकडं धावले, आणि दार परत बसवायचं राहून गेलं.

जिल्ह्याला आमच्या मुली दुसऱ्या आल्या. एका गुणानं हरल्या, आणि पंचानं पुजाला बाद दिलं ते चूक होतं, हे मी त्या पंचाला लेखी कळवलेलं आहे. मे महिन्यात त्या योजनेची पुस्तिका निघाली. तिच्या सातव्या पानावर मी दारावर बसलेला आहे आणि खाली छापलंय: 'साहसी क्रीडाप्रकाराचा आनंद घेताना तांड्यातील ज्येष्ठ नागरिक'. मी बावन्न वर्षांचा आहे. ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी होतो, असं शासनाचंच म्हणणं आहे. त्या दिवशी वैजनाथराव पुस्तिका घेऊन अख्ख्या गल्लीत फिरले.

जूनमध्ये, उद्यानाचं दार गहाळ झाल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र मला आलं. दार शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर आडवं टाकलेलं आहे आणि मी रोज त्यावरून मोटारसायकल नेतो, हे मी लिहिलं नाही. त्यांच्याच पुस्तिकेतलं आठवं पान मात्र जोडलं. त्यात एका कोपऱ्यात दाराचं एक टोक धरलेले साहेब स्पष्ट दिसतात. उत्तर आलं नाही.

काल दुसरं पत्र आलं. उद्यानाचा वापर समाधानकारक असल्यानं दुसऱ्या टप्प्यात नवीन दार मंजूर करण्यात आलं आहे, कुलपासह. सोबतचं संमतीपत्र अर्जदारानं सात दिवसांत सही करून पाठवावं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, शर्टाच्या वरच्या खिशात घातलं आणि तणतणत मैदानाकडं गेलो. कोणाला तरी दाखवायचं होतं. पुजाचा सराव चालू होता, दोन यंत्रं दोन टोकांचे खांब. मी बोलायच्या आत तिनं मला हातानं थांबवलं. संघातली कोमल आली नव्हती, एक गडी कमी होता. "गुरजी, बसा," ती म्हणाली, आणि माझ्याच शाळेतली मुलगी असल्यानं मी तिचं ऐकलं. ओळीत उकिडवा बसलो, गुडघे कडाडले, पाचव्या जागेवर, तोंड रस्त्याकडं. संमतीपत्राला काय उत्तर लिहावं याचा मसुदा मनात सुरू झाला. 'महोदय, आपणास कळविण्यात येते की' इथपर्यंत आलो असेन, तेवढ्यात पाठीत थाप बसली.

"खो."

मी वळून बघितलं. ती ओरडली की उठा, खो दिला की उठायचं असतं. मी उठलो आणि पळालो. पाचव्या पावलाला खिशातून ते पत्र निघालं, वाऱ्यावर गेलं आणि कुंपणाजवळच्या शेळ्यांच्या दिशेनं उडत गेलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. पण खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. तसा नियम आहे, आणि मी नियमानं चालणारा माणूस आहे.